शोधाचा मक्ता

जुन्या दफ्तरांशी थोडाबहुत परिचय असलेल्या मनुष्याला मक्त्याचे नवल वाटत नाही. जकातीची नाकी, नदीवरील तरी, अबकारी, बाजाराची बैठक, रानातील गवत-लाकूड, किंबहुना कित्येक परगण्यांचा वसूलसुद्धा सरकारांनी कधी ना कधी मक्त्याने देऊन पाहिला आहे; आणि त्या सर्व व्यवहारांच्या मुळाशी गणित एकच असे, की सरकारच्या पदरात ठरलेली रक्कम बिनबोभाट पडावी, मक्तेदाराने स्वतःच्या हिमतीवर त्याहून अधिक काढावे, आणि मधल्या तोट्याची जोखीम त्याच्या शिरी असावी. हे गणित हरवलेल्या माणसांच्या शोधाला लावता येईल, समुद्रात नाहीसे झालेले एक प्रवासी विमान हुडकून काढण्याचे काम एखाद्या खासगी कंपनीला ‘सापडले तर मोबदला, न सापडले तर छदामही नाही’ अशा शर्तीवर लिहून देता येईल, ही कल्पना मात्र आपल्या काळाची आहे. मार्च २०२५ मध्ये मलेशिया सरकारने ओशन इन्फिनिटी या कंपनीशी जो करारनामा केला त्यात ती दुसऱ्यांदा कागदावर उतरली : दक्षिण हिंदी महासागरातील १५ हजार चौरस किलोमीटरांचा नवा टापू, सात कोटी अमेरिकी डॉलरांचा मोबदला, आणि तोही अवशेष सापडून त्यांची ओळख पटल्यावर. प्रस्तुत पुस्तक अशा करारांविषयी आहे, आणि ते मराठीत लिहिले गेले याचा मला विशेष आनंद वाटतो, कारण विमान हरवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याचे वर्णन आपली वृत्तपत्रे आवेशाने करतात, परंतु पुढील दहा वर्षांचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही.

ज्या विमानासाठी हा करार झाला ते मलेशिया एअरलाइन्सचे एमएच-३७० होय. ८ मार्च २०१४ रोजी मध्यरात्र उलटल्यावर ते कुआलालंपूरहून बीजिंगकडे निघाले. आत २२७ प्रवासी व १२ कर्मचारी, एकूण २३९ जीव. प्रवाशांत पाच भारतीय होते आणि त्या पाचांत मराठी माणसेही होती, ही गोष्ट त्या दिवसांत आपल्याकडे घरोघर बोलली गेली व नंतर हळूहळू विसरली गेली. विमानाने व्हिएतनामच्या हद्दीकडे जाता जाता आपली ओळख सांगणारे यंत्र मूक केले, मार्ग सोडला, मलाया द्वीपकल्प उलट दिशेने ओलांडले आणि अंदमानच्या समुद्राच्या तोंडाशी ते लष्करी रडारच्याही टप्प्याबाहेर गेले. म्हणूनच पहिल्या दिवसांत आपल्या नौदलाची जहाजे व विमाने त्या समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात फिरत होती. पुढे कळले ते असे, की इन्मारसॅट या कंपनीचा एक उपग्रह त्या विमानाशी सकाळपर्यंत अधूनमधून संकेतांची देवाणघेवाण करीत राहिला होता. त्या संकेतांवरून विमान उपग्रहापासून किती अंतरावर आहे एवढे काढता येत होते, नेमके कोठे आहे हे नव्हे. आणि म्हणून हाती आला तो बिंदू नव्हता, तर पृथ्वीच्या पाठीवर रेखलेला एक प्रचंड वर्तुळखंड होता, ज्याला शोधकर्ते सातवा कंस म्हणतात. जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटाच्या किनाऱ्यावर पंखाचा एक भाग सापडला, त्यानंतर मोझांबिक, टांझानिया, मादागास्कर या किनाऱ्यांवर आणखी तुकडे लागले, आणि विमान हिंदी महासागरातच पडले याविषयी संशय उरला नाही. धड मात्र सापडले नाही.

पहिला मोठा शोध ऑस्ट्रेलिया, मलेशिया व चीन यांनी मिळून चालविला. त्याचेही काम बहुतांशी खासगी मंडळींकडेच होते, त्यांत फुग्रो ही डच कंपनी प्रमुख. परंतु तेथे शर्त वेगळी होती, केलेल्या कामाचे दाम मिळत असत. जहाजामागे मैलोगणती लांब तारेला ध्वनियंत्र बांधायचे, ते तळापासून थोड्या उंचीवर ओढीत न्यायचे, आणि शेतकरी नांगराची तासे एकमेकांना लागून घालतो तशी पट्ट्याला पट्टा लावीत पुढे जायचे. पाण्याची खोली कित्येक ठिकाणी चार हजार मीटर व त्याहूनही अधिक. समुद्र दक्षिण गोलार्धातल्या त्या कुप्रसिद्ध वाऱ्यांच्या पट्ट्यातला, जेथे हिवाळ्यात जहाजावर उभे राहणेही कठीण. अशा रीतीने १ लाख २० हजार चौरस किलोमीटर तळ धुंडाळून, सुमारे २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्ची पडल्यावर, १७ जानेवारी २०१७ रोजी शोध स्थगित झाला. विमान नाही, परंतु एकोणिसाव्या शतकातील दोन बुडालेली जहाजे सापडली, आणि पूर्वी कोणी नीट न पाहिलेल्या समुद्रतळाचे, ज्वालामुखी व दऱ्यांसह, असे नकाशे तयार झाले, की ऑस्ट्रेलियाने ते पुढे सर्वांसाठी खुले केले. पैसा पाण्यात गेला असे म्हणणारे तेव्हाही होते. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण पुढे येईल.

ओशन इन्फिनिटी रंगभूमीवर आली ती यानंतर. जानेवारी २०१८ मध्ये झालेल्या पहिल्या करारात मोबदल्याची जी प्रतवारी होती ती वाचकाने लक्षपूर्वक पाहावी अशी आहे : पहिल्या ५ हजार चौरस किलोमीटरांत विमान सापडले तर दोन कोटी डॉलर, १० हजारांपर्यंत तीन कोटी, २५ हजारांपर्यंत पाच कोटी, आणि त्यापलीकडे सात कोटी; कामाची मुदत ९० दिवसांची. ‘सीबेड कन्स्ट्रक्टर’ या जहाजावरून तारेवाचून आपोआप पोहणारी आठ याने एकदम पाण्यात सोडण्याची तिची पद्धत होती, आणि जे काम पूर्वीच्या शोधाला दोन वर्षांहून अधिक लागले जवळजवळ तेवढे, म्हणजे सुमारे १ लाख १२ हजार चौरस किलोमीटरांचे, तिने काही महिन्यांत उरकले. मे अखेर शोध थांबला. विमान सापडले नाही म्हणून मोबदलाही नाही. सागरी कायद्याला ही शर्त नवी नव्हे; संकटात सापडलेले जहाज वाचविणाराला ‘तारलेस तर दाम’ या तत्त्वाने पैसे देण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकापासून लॉइड्सच्या छापील करारपत्रांत चालत आला आहे. फरक एवढाच, की तारलेले जहाज बंदरात उभे असते आणि त्याची किंमत होते, तर येथे मक्तेदार विकतो ती वस्तू म्हणजे एक बातमी. ती बातमी ‘सापडले’ अशी असेल तर सात कोटींची. ‘येथे नाही’ अशी असेल तर शून्याची.

हे शून्य मला खटकते, आणि या प्रस्तावनेत मला सांगायचे आहे ते मुख्यतः याविषयी आहे. शोध म्हणजे ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन निकालांचे शास्त्र होय, आणि त्यांतला दुसरा निकाल अधिक नाजूक असतो. याचे उत्कृष्ट उदाहरण एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाचे. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला जाताना २२८ जणांसह ते अटलांटिकमध्ये कोसळले. काळ्या पेट्यांना जोडलेले, पाण्याखाली टिकटिक करणारे यंत्र त्या काळी तीस दिवस चाले. त्या तीस दिवसांत पाणबुडीने व जहाजांनी शेवटच्या ज्ञात स्थानाभोवतीचा समुद्र ऐकला, काही ऐकू आले नाही, आणि म्हणून ‘येथे नाही’ असे गृहीत धरून पुढील शोध दूरदूर भटकत राहिला. दोन वर्षांनी मेट्रॉन या अमेरिकी कंपनीच्या गणितज्ञांनी सगळा हिशेब पुन्हा मांडला व साधा प्रश्न विचारला, की ती यंत्रे मुळात वाजतच नसतील तर? तो विचार मान्य करताच संभाव्यतेचा भार पुन्हा जुन्या जागेकडे झुकला, आणि एप्रिल २०११ मध्ये, एअरबस व एअर फ्रान्स यांच्या खर्चाने चाललेल्या मोहिमेत, विमान शेवटच्या ज्ञात स्थानापासून अवघ्या साडेसहा सागरी मैलांवर, सुमारे ३,९०० मीटर खोल, सापडले. एक कच्चा नकार पक्का मानल्यामुळे दोन वर्षे गेली. त्या प्रकरणानंतर अशा यंत्रांची मुदत नव्वद दिवसांवर नेण्यात आली, हे झाले योग्यच. परंतु नकाराची प्रत तपासावी कोणी आणि त्याचे दाम द्यावेत कोणी, या प्रश्नाला मक्त्याच्या कागदात जागा नाही. ज्याला नकाराचे पैसेच मिळायचे नाहीत तो अवघड उतारांवर, ध्वनीच्या सावलीत राहिलेल्या घळींवर पुन्हा परत येईल तो केवळ स्वतःच्या आशेपोटी. आणि आशा मावळली की येणार नाही. यात कंपनीची लबाडी आहे असे मी म्हणत नाही. ती व्यवहाराने वागते, आणि माझ्या मते फार मोठे धाडस करते. सरकारने मात्र धाडसाबरोबर विवेकही तिच्याकडेच सोपविला आहे.

आपल्याकडील एका जुन्या व्यवस्थेशी याची तुलना करण्याचा मोह आवरत नाही. पेशवाईच्या अखेरच्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला त्यात गावच्या रखवालदाराचे वर्णन आहे. गावात चोरी झाली की जागल्याने चोराचा माग काढायचा. पावलांच्या खुणा धरीत तो शिवेपर्यंत न्यायचा. माग शीव ओलांडून गेला असे शेजारच्या गावाला दाखवून दिले, की जबाबदारी त्या गावाच्या रखवालदारावर. माग आपल्याच हद्दीत विरला तर मात्र नुकसान ऐपतीप्रमाणे त्याने, व उरलेले गावाने, भरून द्यायचे. या व्यवस्थेत जाच पुष्कळ होता आणि गरिबावर अन्यायही झाला असला पाहिजे. तिचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. परंतु ‘चोर येथे नाही’ हे म्हणणे तेथे फुकटचे नव्हते. ते शेजाऱ्यापुढे, उजेडी, पावलागणिक सिद्ध करावे लागे, आणि सिद्ध झाले म्हणजे त्याला मोल होते. मलेशियाच्या करारनाम्याची शर्त याच्या बरोबर उलट आहे.

आपल्या देशाचा या विषयातला अनुभव मिश्र आहे. ८ जून २०१५ रोजी तटरक्षक दलाचे एक डॉर्नियर विमान तीन जणांसह चेन्नईच्या दक्षिणेस किनाऱ्यालगत नाहीसे झाले. पाणबुडी ‘सिंधुध्वज’ने त्याच्या यंत्राची टिकटिक टिपली, परंतु तळाशी उतरून पाहण्याचे साधन मिळाले ते रिलायन्स इंडस्ट्रीजच्या कामावर असलेल्या ‘ऑलिम्पिक कॅनियन’ या जहाजाचे. तेल व वायूच्या विहिरी पाहणाऱ्या त्याच्या पाण्याखालील यंत्राने जुलैमध्ये सुमारे हजार मीटरांवरून काळी पेटी वर आणली. खासगी साधन सरकारी देखरेखीखाली वापरल्याचा हा नमुना मला सर्वांत निकोप वाटतो. पुढील वर्षी, २२ जुलै २०१६ रोजी, तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले हवाई दलाचे एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर दिसेनासे झाले. त्यात निगडीचा एक तरुण अधिकारी होता. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर दुसऱ्याच दिवशी तेथे पोहोचले. जहाजे, विमाने, पाणबुडी, संशोधनाची जहाजे, सगळी कामाला लागली. सप्टेंबरात सर्वांना मृत मानण्यात आले. विमानाचा ठाव लागला तो साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटरांवर व ३,४०० मीटर खोल, आणि तो लावला चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने आपल्या स्वयंचलित यानाने. मक्ता नाही, बक्षीस नाही, घरचे यंत्र. बक्षिसाचा प्रयोग आपण जमिनीवर केला : ३ जून २०१९ रोजी अरुणाचलात १३ जणांसह दुसरे एएन-३२ हरवले तेव्हा हवाई दलाने माहिती देणाराला पाच लाख रुपये जाहीर केले, आणि आठ दिवसांनी लिपो गावाजवळच्या बारा हजार फुटांवरील उतारावर अवशेष दिसले ते हेलिकॉप्टरमधून. हिमालयाची तऱ्हा याहून निराळी. फेब्रुवारी १९६८ मध्ये रोहतांगजवळ १०२ जणांसह गेलेल्या एएन-१२ विमानातील चार मृतदेह २०२४ च्या सप्टेंबरात बर्फातून निघाले, छप्पन्न वर्षांनी.

हे सर्व मी जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीत बसून लिहीत आहे, आणि माघाचे दिवस असल्यामुळे खाली वाटेवर खेटे घालणाऱ्यांची रीघ लागली आहे. खेट्यांची कथा इकडे सर्वांना ठाऊक आहे. रत्नासुराचा व इतर दैत्यांचा संहार करून केदारनाथ हिमालयाकडे परत निघाले, तेव्हा करवीरनिवासिनी अंबाबाई त्यांना वळविण्यासाठी अनवाणी या डोंगरापर्यंत चालत आली. त्या स्मरणार्थ माघातल्या रविवारी लोक कोल्हापुरातून पायी येतात. देवीने कोणा मक्तेदाराला धाडले नाही, हे या विषयाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखे आहे. याहून लौकिक दाखला चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत मिळतो. लाखो माणसे, सासनकाठ्यांची दाटी, आणि गुलाल इतका, की दुपारनंतर कोणाच्या सदऱ्याचा मूळ रंग सांगता येऊ नये. अशा वेळी चुकलेल्या म्हाताऱ्याचे वा पोराचे नाव कर्ण्यावरून पुकारणारा मनुष्य वस्त्रांचे वर्णन करीत नाही. तो गाव सांगतो, तालुका सांगतो, कोणत्या काठीबरोबर आले ते सांगतो, आणि नगारखान्यापाशी या म्हणतो. एकदा पुकारून कोणी आले नाही म्हणून तो मनुष्य डोंगरावर नाहीच, असा निष्कर्ष तो काढीत नाही. अर्ध्या घटकेने पुन्हा पुकारतो, कारण मघाशी हलगी वाजत होती. एअर फ्रान्सच्या शोधकर्त्यांना दोन वर्षांनी सुचलेला विचार हाच होता.

ज्यांचे माणूस ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या मध्ये अडकले त्यांच्या कागदपत्रांचे काय होते, हेही या विषयाचे अंग आहे, आणि या पुस्तकात त्याला रास्त जागा मिळाली आहे. आपल्या जुन्या पुरावा कायद्याच्या १०८ व्या कलमाप्रमाणे सात वर्षे ज्याची काही खबर नाही तो हयात आहे असे म्हणणाराने ते सिद्ध करावे लागे. नव्या कायद्यातही ते तत्त्व कायम आहे. तोपर्यंत मृत्यूचा दाखला नाही, दाखल्यावाचून सात-बारावर वारसनोंद नाही, आणि फेरफाराच्या अर्जावर तलाठी काय शेरा मारील याची कल्पना खेड्यातल्या वाचकाला मी देण्याची गरज नाही. विमानाच्या बाबतीत सरकारे सहसा इतके थांबत नाहीत; मलेशियाने २९ जानेवारी २०१५ रोजीच हा अपघात असल्याचे व सर्व प्रवासी मृत मानल्याचे जाहीर केले. परंतु दुसरी घाई त्याआधीच सुरू झालेली असते, कारण माँट्रियल कराराप्रमाणे विमान कंपनीवर दावा लावण्यास दोनच वर्षांची मुदत असते, आणि अपघाताचे कारण सांगणारा पुरावा त्या दोन वर्षांत समुद्राच्या तळाशीच असू शकतो. नातेवाइकांनी शोध पुन्हा सुरू करा असा आग्रह धरला तो केवळ भावनेपोटी नव्हता. ‘न सापडल्यास मोबदला नाही’ या शर्तीचे त्यांनी स्वागत केले तेही समजण्यासारखे आहे. सरकारची तिजोरी बंद झाल्यावर उघडे राहिलेले दार तेवढेच होते.

या दाराने आत गेल्यावर काय व्हावे याचा धडा अर्जेंटिनाच्या ‘सान हुआन’ या पाणबुडीने दिला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती ४४ खलाशांसह नाहीशी झाली; कुटुंबीयांनी राजधानीच्या चौकात ठाण मांडले; अखेर सरकारने ओशन इन्फिनिटीशीच ७५ लाख डॉलरांचा, सापडल्यासच देय असा, करार केला, आणि एक वर्ष उलटताच ती सुमारे ९०० मीटरांवर सापडली. त्या करारातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट रकमेची नाही : नौदलाच्या अधिकाऱ्यांबरोबर खलाशांच्या कुटुंबीयांपैकी काही जण शोधाच्या जहाजावर हजर होते. जेथे ‘नाही’ म्हटले जात होते तेथे ते ऐकायला व पाहायला घरचे माणूस उभे होते. आणि त्याच प्रकरणातली सर्वांत खिन्न करणारी गोष्ट म्हणजे सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी सरकारने सांगितले, की ती वर काढण्याचे साधन आमच्यापाशी नाही. मक्ता ‘सापडले’ या शब्दापाशी पुरा झाला होता. उचलणे, कारण शोधणे, यांपैकी काहीही त्यात लिहिलेले नव्हते.

मलेशियाने २०२५ चा शोध एप्रिलमध्ये हवामानामुळे थांबविला आणि ३० डिसेंबरपासून पंचावन्न दिवस तो टप्प्याटप्प्याने पुढे चालवण्याचे जाहीर केले. तो सफल व्हावा असे कोणाला वाटणार नाही? परंतु उद्या अरबी समुद्रात असा प्रसंग ओढवला आणि आपल्या सरकारने असाच कागद करावयाचे ठरविले, तर त्यात निदान चार गोष्टी असाव्यात असे मी सुचवीन : धुंडाळलेल्या प्रत्येक चौरस किलोमीटराची तपासणी त्रयस्थाने करावी आणि खऱ्या ठरलेल्या नकाराला, थोडे का होईना, दाम असावे, सर्व ध्वनिचित्रे सरकारच्या मालकीची राहावीत, जहाजावर कुटुंबीयांचा प्रतिनिधी असावा, आणि सापडल्यानंतर वर कोण काढील हे आधी ठरावे. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात अशा करारांची कलमे एकेक घेऊन तपासली आहेत. भाषा तेथे थोडी रुक्ष झाली आहे, तरी ज्या वाचकाला वेळ कमी असेल त्याने तेच प्रकरण आधी वाचावे.

वाडी रत्नागिरी, जि. कोल्हापूर